दुखणं खुरात, कारण रक्तात

मिरजेत आमच्या घरी टांगा होता. स्टेशनवर उतरलेले पेशंट आणि त्यांच्या वळकट्या दवाखान्यांपर्यंत पोचवायच्या, हे वडिलांचं, म्हणजे अण्णांचं काम. टांग्याच्या घोडीचं नाव हिरा. मी चालायला लागलो त्याआधीपासून ती आमच्या दारात होती. १९८२ साली तिचं वय विसाच्या आसपास असावं. आदल्या दोन वर्षांत तिच्यात काही बदल झाले होते. उन्हाळा आला तरी हिवाळ्यातले केस झडत नसत. पोटाखाली आणि हनुवटीखाली ते लांब, कुरळे होऊन लोंबत. पाणी फार पिऊ लागली होती. पाठीचं मांस ओसरलं होतं, पोट मात्र सुटलं होतं. पूर्वीची तिखट घोडी एकदम शांत झाली होती. ‘वय झालं, शहाणी झाली,’ असं सगळे म्हणत.

त्या दसऱ्याला अण्णांनी तिला धुतलं, खरारा केला, झेंडूची माळ घातली. गल्लीतल्या बायकांनी ओवाळलं आणि ज्याच्या त्याच्या ताटातून तिला गूळ, भिजवलेले हरभरे, पुरणपोळी मिळत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ठाणावरून हलेना. पुढचे पाय पुढे ताणलेले, अंगाचा सगळा भार मागच्या पायांवर. खुरांना हात लावला तर चटका बसावा इतके गरम. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, “गुळानं आणि दाण्यानं पाय गेले. एवढं घालायचं असतं का जनावराला?” नालबंदानं सांगितलं, पाय थंड ठेवा. तिला कृष्णेपर्यंत चालवणं शक्यच नव्हतं. अण्णा रात्रभर पायांना ओली पोती गुंडाळून त्यांवर विहिरीचं पाणी ओतत राहिले. दिवाळीच्या आधी हिरा गेली. अण्णांनी पुन्हा घोडा ठेवला नाही. विषय निघाला की एवढंच म्हणत, “माझ्या हातानं घातलं.”

मी पशुवैद्य नाही. साखर कारखान्यात कारकुनी करत आयुष्य गेलं. पण अण्णांचं ते वाक्य माझ्या मागं लागलं आणि गेल्या काही वर्षांत घोड्यांच्या या रोगावर जे हाती लागेल ते, शब्दकोश शेजारी ठेवून, वाचत गेलो. त्या वाचनातून जे कळलं ते इथे मांडतो आहे. हा रोग खुराचा आहे, एवढंच माणसाला हजारो वर्षं ठाऊक होतं. त्याचं मूळ बहुतेक वेळा खुरापासून फार दूर, शरीरातल्या संप्रेरकांत असतं, हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत स्पष्ट झालं.

टांगलेलं हाड

घोडा एका पायाला एकाच बोटावर उभा असतो. आपल्या मधल्या बोटाशी जुळणारं ते बोट, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. या नखाच्या डबीत बोटाचं शेवटचं हाड असतं. आपल्याला वाटतं, हे हाड तळव्यावर टेकलेलं असेल. तसं नाही. ते खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. हाडाच्या बाजूनं आणि भिंतीच्या बाजूनं पातळ पापुद्रे निघतात आणि दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे ते गुंततात. एका खुरात असे साधारण साडेपाचशे ते सहाशे मुख्य पापुद्रे असतात, आणि प्रत्येकावर दीडशे-दोनशे बारीक उपपापुद्रे. ही सगळी घडी उलगडून पसरली तर एका खुरात जवळजवळ एक चौरस मीटर भरेल. चारपाचशे किलोचं जनावर धावतं, उडी मारतं, टांगा ओढतं, ते या गुंफणीच्या भरवशावर.

ही गुंफण सैल झाली की जो रोग होतो त्याला लॅमिनायटिस म्हणतात. पापुद्रे ताणले जातात, सुटू लागतात. वरून शरीराचं वजन आणि मागून स्नायूच्या कंडऱ्याची ओढ, यांमुळे हाड खुराच्या आत फिरतं किंवा खाली घसरतं. दुखणं वाढलं तर हाडाचं टोक तळव्यातून बाहेर येतं. पुढच्या पायांवर भार जास्त असतो, म्हणून बहुधा ते आधी जातात आणि घोडा मागं रेलून उभा राहतो. हिरा तशीच उभी होती. माणसाचा पाय मोडला तर त्याला महिनाभर खाटेवर ठेवता येतं. घोड्याला तसं ठेवता येत नाही. दुखऱ्या पायांवरच त्याला उभं राहावं लागतं आणि प्रत्येक क्षणी त्याचं स्वतःचं वजन इजा वाढवत असतं. या रोगात इतके घोडे मरण देऊन सोडवावे लागतात, ते यामुळे.

जवाचा रोग

जास्त दाणा खाल्ल्यानं घोड्याचे पाय जातात, हे निरीक्षण फार जुनं आहे. प्राचीन ग्रीकांनी या दुखण्याला जे नाव दिलं त्यात ‘जव’ हा शब्दच आहे. ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांवरच्या ग्रंथात ते सापडतं. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावानं अश्ववैद्यकाची मोठी परंपरा होती, इतकी की त्या नावावरून हिंदुस्थानी बोलीत घोड्यांच्या वैद्याला ‘सालोतरी’ म्हणू लागले. घोड्याची चंदी किती, केव्हा आणि कशी द्यायची याचे नियम पागेपागेत तोंडपाठ असत.

हे निरीक्षण खरं आहे. घोडा एकदम पोतंभर दाणा खाऊन बसला, तर न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जातं, तिथल्या जिवाणूंचं संतुलन बिघडतं, आम्ल तयार होतं, आतड्याचं अस्तर दुखावतं आणि विषारी द्रव्यं रक्तात उतरतात. काही तासांनी किंवा दिवसांनी खूर पेटतात. विसाव्या शतकात प्रयोगशाळांतून लॅमिनायटिसचा अभ्यास झाला तो बराचसा याच वाटेनं: घोड्याला मुद्दाम पिष्ट पाजायचं आणि खुरात काय होतं ते पाहायचं. नालबंदाचा सल्लाही याच अभ्यासात खरा ठरला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात अँड्र्यू व्हॅन एप्स आणि ख्रिस पॉलिट यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की वेळीच पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले तर इजा बरीच टळते.

पण एक गोष्ट या चौकटीत बसत नव्हती. दवाखान्यात येणारे बहुसंख्य लंगडे घोडे दाण्याच्या पोत्यात तोंड घातलेले नसतच. त्यांना जुलाब नसत, ताप नसे. कुणी साध्या हिरव्या कुरणात चरणारं गुबगुबीत तट्टू असे, तर कुणी हिरासारखं केसाळ म्हातारं जनावर.

केस न झडणारे घोडे

अमेरिकेचे मेंदूशल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये माणसांतला एक रोग सविस्तर मांडला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यात छोटी गाठ झाली की ती एसीटीएच नावाचं संप्रेरक जास्त सोडते, त्यामुळे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल जास्त बनवतात, आणि माणसाचा चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय बारीक होतात. म्हाताऱ्या घोड्यांच्या पीयूषिकेतही वाढ आढळली आणि लक्षणंही थोडीफार जुळली, म्हणून घोड्यांच्या रोगालाही कुशिंगचंच नाव चिकटलं.

पुढं कळलं की हे साम्य वरवरचं आहे. पीयूषिकेचे भाग असतात. माणसात बिघाड होतो तो पुढच्या भागात. घोड्यात बिघडतो तो मधला भाग, आणि प्रौढ माणसात तो नावापुरताच उरलेला असतो. घोड्यात मात्र तो चांगला मोठा आणि कामाचा आहे. या भागात एक मोठं प्रथिन तयार होतं आणि त्याचे तुकडे होऊन वेगवेगळी संप्रेरकं बनतात: एसीटीएच, त्वचा आणि केसांशी संबंधित असलेलं एक संप्रेरक, आणि शरीराची स्वतःची अफू म्हणता येईल असं बीटा-एंडॉर्फिन. १९८२ मध्ये, म्हणजे हिरा गेली त्याच वर्षी, अमेरिकेत डेव्हिड ऑर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी घोड्यांच्या रक्तातली ही संप्रेरकं मोजून प्रसिद्ध केली. गंमत अशी की या घोड्यांत कॉर्टिसॉल, ज्याच्यामुळे कुशिंगचा रोग ओळखला जातो तेच, पुष्कळदा वाढलेलं नसतं. म्हणून आता पशुवैद्य कुशिंगचं नाव बाजूला ठेवून ‘पीयूषिकेच्या मधल्या भागाचा बिघाड’ अशा अर्थाचं लांबलचक नाव वापरतात.

हा मधला भाग बिघडतो का? निरोगी घोड्यात त्याच्यावर मेंदूचा सतत लगाम असतो. पीयूषिकेच्या वर असलेल्या हायपोथॅलॅमसमधून काही मज्जापेशी थेट या भागात उतरतात आणि तिथं डोपामिन सोडतात. डोपामिन म्हणजे इथं ‘थांब’ असा निरोप. वय वाढतं तशा या मज्जापेशी झिजतात आणि मरतात. निरोप येणं थांबतं. मग मधला भाग मोकाट सुटतो, फुगत जातो आणि संप्रेरकं ओतत राहतो. डोपामिनच्या मज्जापेशी मरणं हेच माणसातल्या पार्किन्सनच्या रोगाचंही मूळ आहे. मेंदूतली जागा वेगळी, झीज त्याच जातीची. एकाचा हात थरथरतो, दुसऱ्याचे केस झडत नाहीत.

औषधही तिथूनच आलं. डोपामिनची नक्कल करणारं पर्गोलाइड पार्किन्सनच्या रुग्णांसाठी बनवलं होतं. काही रुग्णांच्या हृदयाच्या झडपा त्यानं बिघडतात असं दिसल्यावर २००७ मध्ये अमेरिकेत ते माणसांसाठी बाजारातून काढून घेतलं. तेच औषध २०११ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं घोड्यांसाठी मंजूर केलं. पाचशे किलोच्या घोड्याला सुरुवातीला दिवसाला एक मिलिग्रॅमची गोळी. मेलेल्या पेशी त्यानं परत येत नाहीत, पण लगाम पुन्हा हाती येतो. केस झडतात, जनावर तरतरीत होतं. गोळी मात्र जन्मभर द्यावी लागते.

हे वाचताना हिराची एकेक खूण आठवत होती. झडत नसलेले केस, ओसरलेली पाठ, सुटलेलं पोट, तहान. तिचा शांतपणासुद्धा. हा रोग झालेले घोडे मंद, गरीब वाटतात आणि संशोधक त्याचा संबंध वाढलेल्या एंडॉर्फिनशी लावतात. ऑस्ट्रेलियात पंधरा वर्षांवरचे घोडे तपासले तेव्हा साधारण पाचांत एकाला हा बिघाड निघाला. म्हणजे दुर्मीळ रोग नव्हे. आपण त्याला म्हातारपण म्हणून सोडून देत होतो.

पाच तट्टू

तरीही एक कडी राहत होती. डोक्यातली ग्रंथी बिघडली तर पाय का जावेत? आणि ज्या तरण्या, लठ्ठ तट्टांची पीयूषिका ठणठणीत आहे, त्यांचेही पाय का जातात?

या तट्टांच्या दुखण्याला २००२ मध्ये अमेरिकेतल्या फिलिप जॉन्सन यांनी घोड्यांचा चयापचय-विकार असं नाव दिलं. मानेवर चरबीची जाड वळी, अंगावर चरबीचे गठ्ठे, आणि रक्तात इन्शुलिन भरपूर. इथं माणसात आणि घोड्यात महत्त्वाचा फरक आहे. माणसाचं शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड आधी जास्त इन्शुलिन करतं, मग दमतं आणि रक्तात साखर चढते. आपण मधुमेह झाला म्हणतो. घोड्याचं स्वादुपिंड सहसा दमत नाही. ते इन्शुलिन ओततच राहतं. साखर मोजाल तर ठीक निघते. ज्याचं रक्त फक्त साखरेसाठी तपासलं, तो घोडा निरोगी म्हणून घरी जातो.

हे जास्तीचं इन्शुलिन रोगाची नुसती खूण आहे की रोगाचं कारणच आहे, हा प्रश्न २००७ मध्ये सुटला. क्वीन्सलंड विद्यापीठातच केटी ॲस्प्लिन आणि सहकाऱ्यांनी नऊ निरोगी तट्टं घेतली. ती लठ्ठ नव्हती, त्यांना आधी कधी हा रोग झाला नव्हता. पाच तट्टांच्या शिरेतून सतत इन्शुलिन सोडलं आणि साखर घसरू नये म्हणून बरोबर ग्लुकोजही दिलं. उरलेल्या चारांना इन्शुलिन दिलं नाही. ७२ तासांच्या आत पाचही तट्टांचे चारही पाय गेले. उरलेल्या चारांना काही झालं नाही. पोट बिघडलं नव्हतं, विष नव्हतं, दाण्याचं पोतं नव्हतं. फक्त इन्शुलिन. पुढं २०१० मध्ये मेलोडी डी लाट यांनी शर्यतीच्या जातीच्या निरोगी घोड्यांत हेच दाखवलं.

नऊ जनावरांचा हा प्रयोग. त्यातली जनावरं खुरं पाहण्यासाठी मारावी लागली. मी तो निबंध वाचला तेव्हा आकडे वाचून पुढं सरकता आलं नाही. पायात हाड घसरतानाची वेदना मी एका घोडीच्या डोळ्यांत पाहिली होती. प्रयोगात त्रास दिसताच त्यांना मरण दिलं गेलं, हिराला ते कित्येक दिवस मिळालं नाही. या पाचांमुळे किती घोड्यांचे पाय वाचले, याचा हिशेब कोणी मांडणार नाही. पण तो देणं आहे हे विसरू नये.

यानंतर दवाखान्यातल्या घोड्यांकडे नव्या नजरेनं पाहिलं गेलं. हेलसिंकीच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात लॅमिनायटिससाठी आलेल्या ३६ घोड्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ८९ टक्क्यांत संप्रेरकांचा बिघाड सापडला. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पीयूषिकेचे, बाकीचे इन्शुलिनचे. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि पीयूषिकेच्या बिघाडात पाय जातात ते मुख्यतः त्याच घोड्यांचे, ज्यांचं इन्शुलिनही वाढलेलं असतं. निखळलेली कडी ती हीच.

गवताळ माळावर, दुष्काळात, हाडं वर येईपर्यंत तग धरायला घडलेलं हे शरीर. मिळेल तेव्हा साठवायचं आणि नसेल तेव्हा पुरवायचं, हा त्याचा स्वभाव. काटक म्हणून नावाजलेल्या तट्टांच्या जातींतच हा विकार जास्त दिसतो. त्यांना वर्षभर दाणा, गूळ आणि रिकामं ठाण मिळालं, की ज्या गुणानं ती जगली त्यानंच त्यांचे पाय जातात.

ऋतूचा खेळ

निदानातही एक चकवा होता. एसीटीएच मोजून रोग ठरवायला लागल्यावर असं दिसलं की वर्षाच्या ठरावीक काळात धडधाकट घोडेही रोगी ठरतात. उत्तर गोलार्धात ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिण गोलार्धात मार्च-एप्रिल. दिवस लहान होऊ लागले की प्रत्येक घोड्याचा पीयूषिकेचा मधला भाग जागा होतो. थंडीची तयारी: केस दाट करायचे, चरबी साठवायची. निरोगी घोड्यात ही लाट येते आणि ओसरते. रोगी घोड्यात ती फार उंच जाते. म्हणून आता ऋतूप्रमाणे वेगळी प्रमाणं वापरतात. जो काळ चाचणीला वाईट म्हणून टाळत होते, तोच काळ फरक ओळखायला चांगला ठरला. शंका राहिली तर टीआरएच हे संप्रेरक टोचून दहा मिनिटांनी पुन्हा एसीटीएच मोजतात. इन्शुलिनसाठी ठरलेल्या मापानं साखरेचा पाक पाजून तासा-दीड तासानं रक्त घेतात.

आपल्याकडे हे करायचं तर अडचण यंत्रापेक्षा बर्फाची आहे. एसीटीएच लवकर नष्ट होतं; रक्त थंड ठेवून, वेळेत फिरवून त्यातला द्रव वेगळा करून प्रयोगशाळेत पोचवावं लागतं. पण पुष्कळसं निदान डोळ्यांनी होतं. माथेरान-महाबळेश्वरला पर्यटकांना फिरवणारे, वरातीत नवरदेव मिरवणारे, सारंगखेड्याच्या बाजारात उभे राहणारे घोडे पाहा. वैशाखात कुणाच्या अंगावर पुसातले केस आहेत का? मानेवर हात फिरवला तर कडक वळी लागते का? दगडाळ वाटेवर, वळताना तो पाय चाचपत टाकतो का? खुरावरच्या आडव्या रेघा टाचेकडे रुंद होत गेल्या आहेत का? यांतलं काही दिसलं तर गूळ, गोड चारा आणि दाणा बंद. वाळका चारा पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून दिलं की त्यातली बरीच साखर निघून जाते. पाय दुखत नसतील तर रोज चाल. आणि पशुवैद्याला ही लक्षणं नीट सांगणं. माणसाच्या मधुमेहासाठी आलेली, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी काही औषधं आता घोड्यांचं इन्शुलिन उतरवायलाही वापरली जाऊ लागली आहेत, पण ती देखरेखीखालीच.

अण्णांच्या शेवटच्या वर्षी मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांची दृष्टी गेली होती, कान शाबूत होते. मी म्हणालो, हिरा दोन वर्षं आजारी होती अण्णा, तिच्या मेंदूतली ग्रंथी बिघडली होती. रक्त तपासलेलं नव्हतं तेव्हा खात्रीनं म्हणता येणार नाही, पण सगळ्या खुणा तिच्या आहेत. आणि त्या वेळी मिरजेत कुणालाच ते ओळखता आलं नसतं.

ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, “आणि गूळ?”

खोटं सांगता आलं असतं. मी सांगितलं की निरोगी घोडीनं तेवढा गूळ पचवला असता. पण तिचं इन्शुलिन आधीच चढलेलं असणार, त्यावर गूळ पडला. दोन्ही मिळून झालं.

“म्हणजे निम्मं माझं,” अण्णा म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “केस कापले असते तिचे, तर उन्हाळ्यात तेवढंच बरं वाटलं असतं का रे?”

मी हो म्हणालो. ते खरं आहे. असे घोडे उन्हाळ्यात भादरावेत, असं सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं.